जुन्या मालमोटारीची दुरुस्ती

जुनी मालमोटार हातीं आली कीं हौशी मनुष्य प्रथम रंगाचा डबा आणतो. दरमहाच्या शिलकेंतून थोडथोडी दुरुस्ती करणारानें मात्र हा मोह टाळावा.

अमेरिकेंत १९४७ ते १९५५ पर्यंत निघालेली शेव्हरोलेची लहान मालमोटार उदाहरणादाखल घेऊं. (शेव्हरोले गाड्यांची जुळणी १९२८ पासून कांहीं वर्षें मुंबईस शिवडी येथेंही होत असे.) हिचे ब्रेक तेलाच्या दाबानें चालतात, पण चारही चाकांकडे जाणारें तेल एकाच पंपांतून येतें. एका चाकापाशीं नळी फुटली, कीं दाब जातो आणि पायाचा ब्रेक साराच निकामी होतो. हातब्रेक निराळा असतो खरा. परंतु भरल्या गाडीस उतारावर त्याचा भरवसा कोण धरील? यास्तव पहिली शिल्लक नळ्या व रबरी वाट्या यांवरच खर्चावी.

नंतर पेट्रोलची टाकी. बरेच दिवस उभ्या गाडींतील पेट्रोल चिकट होतें व गंजाचा चुरा कार्बुरेटरचीं भोकें बुजवितो. टाकी धुतल्यावांचून इंजिन चालू करूं नये.

विजेची गोष्ट मोठी मौजेची आहे. ही गाडी सहा व्होल्टांची. व्होल्ट निम्मे, म्हणजे तितक्याच कामास प्रवाह दुप्पट. अर्थात् तारा जाड हव्यात. बारा व्होल्टांच्या गाडीची बारीक तार जोडली, तर स्टार्टर मंद फिरतो, आणि मालक बिचारा नव्या बॅटरीवर पैसे घालवितो! जाड तार आणि घासून स्वच्छ केलेले सांधे, एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें.

मागील हौद्याची जमीन लाकडी फळ्यांची असल्यामुळें ती घरींच बदलतां येते. रंग शेवटीं. तोंवर उघड्या पत्र्यास गंजरोधक तांबडें अस्तर द्यावें, आणि गाडी तशाच ठिगळी रूपांत बाजारास न्यावी.