आधी हवा तपासा, मग शॉकअप विका: सस्पेन्शनचं काम धंदा म्हणून

गॅरेजच्या व्हिडिओनंतर बऱ्याच जणांनी एकच गोष्ट विचारली: "सर, नुसतं सस्पेन्शनचं काम धरलं तर धंदा चालेल का?" व्हिडिओत दोन मिनिटांत उत्तर दिलं होतं, इथे नीट सांगतो.

चालेल. आपल्या बीड जिल्ह्यात तर नक्की चालेल. पण "जुना पार्ट काढला, नवा टाकला" अशा पद्धतीने केलं तर वर्षभरात ग्राहक तुटतात. या कामात ग्राहक मागतो एक आणि त्याला हवं असतं दुसरंच. तो म्हणतो, "दादा, गाडी लई आदळायलीय, भारीतले शॉकअप टाका." तुम्ही टाकता, बिल घेता. चार दिवसांनी तो परत दारात, गाडी तशीच आदळते. का? कारण टायरमध्ये हवा 40 होती. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर कंपनीने 30 च्या आसपास लिहिलेली असते, पण ती वाचतो कोण! आता तो गावभर सांगणार की या पोराने पैसे घेतले आणि काम झालं नाही. म्हणून धंद्याआधी विषय समजून घ्या.

एकाच गाडीला तीन रस्ते

पुण्या-मुंबईचे व्हिडिओ बघून सस्पेन्शन शिकलात तर अर्धंच शिकाल. आपल्याकडची गाडी एका दिवसात तीन वेगवेगळ्या रस्त्यांवर चालते, आणि प्रत्येक रस्ता सस्पेन्शनच्या वेगळ्या भागाची परीक्षा घेतो.

पहिला, सोलापूर-धुळे महामार्ग, म्हणजे आपला 52 नंबर. गेवराई, बीड, मांजरसुंबा. चौपदरी आहे, गाडी शंभरच्या जवळ सहज जाते. इथे ग्राहकाची तक्रार असते, "गाडी हलकी वाटते, पुलाच्या सांध्यावर उसळी मारते." हे काम शॉकअपचं.

दुसरा, आतले रस्ते. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. वरचं डांबर मग लाटांसारखं वरखाली होतं, कडा तुटतात, खड्डे पडतात. लाटांवर शॉकअपचा कस लागतो, पण खड्ड्याचा पहिला दणका टायर आणि रबरी बुश झेलतात. "आदळायलीय" ही तक्रार बहुतेक वेळा इथूनच येते.

तिसरा, घाट. माजलगावहून केजकडे जाताना धारूरचा घाट ज्याने चालवलाय त्याला वळण म्हणजे काय ते सांगायला नको. वळणावर गाडी बाहेरच्या बाजूला झुकते. तो झोक स्प्रिंग आणि स्टॅबिलायझर बार धरून ठेवतात. बारला दोन्ही बाजूंनी जोडणाऱ्या लिंक रॉड झिजल्या की तेच काम ढिलं पडतं.

म्हणून ग्राहक आला की पहिला प्रश्न "कोणते शॉकअप टाकू?" असा नको. "त्रास कुठल्या रस्त्यावर होतो, आणि किती स्पीडला?" हे विचारा. शक्य असेल तर त्यालाच गाडी चालवू द्या आणि तुम्ही शेजारी बसा. दहा मिनिटांत निम्मं निदान होतं.

स्प्रिंग वजन उचलते, शॉकअप तिला शांत करतो

हा एक मुद्दा पक्का करा, कारण निम्मे मिस्त्रीसुद्धा इथे गोंधळतात. गाडीचं वजन शॉकअपवर नसतं, ते स्प्रिंगवर किंवा पाट्यांवर असतं. स्प्रिंग दबली की उलट उसळते, परत दबते, परत उसळते. शॉकअप ही उसळी तेलाच्या जोरावर थांबवतो. आतल्या पिस्टनच्या बारीक छिद्रांतून तेल ढकललं जातं, हालचालीची ताकद तिथे उष्णतेत जाते. खराब रस्त्यावर तासभर चालल्यावर शॉकअपला हात लावून बघा, गरम लागतो. (सायलेन्सर शेजारी असेल तर हात जपून!)

सलग खराब रस्त्यावर साध्या तेलाच्या शॉकअपमध्ये तेलाला फेस येतो आणि त्याची पकड कमी होते. गॅसच्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबाखाली भरलेला असल्याने फेस कमी होतो. आपल्या भागात गॅसवाले घेण्याचं खरं कारण हे आहे. "गॅसमुळे गाडी मऊ होते" असं ग्राहकाला सांगू नका. उलट सुरुवातीला ती किंचित कडकच लागते.

आता आराम आणि पकड यांचं भांडण. साध्या छोट्या गाडीची बॉडी स्प्रिंगवर सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होते. माणसाच्या चालण्याची लयही त्याच्या जवळपासच असते, म्हणून शरीराला ती खुपत नाही. स्प्रिंग कडक केली की हा वेग वाढतो. वळणावर गाडी कमी झुकते, पण पाठीला प्रत्येक खडा कळतो. शहरातला शौकीन गिऱ्हाईक हे चालवून घेईल. अंबाजोगाईच्या दवाखान्यात आईला घेऊन जाणारा माणूस नाही चालवून घेणार. म्हणून स्प्रिंग कंपनीचीच ठेवा आणि शॉकअप चांगल्या दर्जाचा टाका. आपल्या दहातल्या नऊ ग्राहकांना एवढंच पुरेसं असतं, हे माझं दुकानदार म्हणून मत आहे. शॉकअप बनवणारी गॅब्रिएल 1961 पासून भारतात आहे, तिचा कारखाना चाकणला आहे. दुसऱ्याही चांगल्या कंपन्या आहेत. ब्रँडपेक्षा महत्त्वाचं म्हणजे अधिकृत वितरकाचं बिल, कारण या पार्टमध्ये नकली माल भरपूर फिरतो.

तपासणी स्वस्तापासून महागाकडे

आधी हवा, गाडी थंड असताना, स्वतःच्या गेजने. मग टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. रबर कडक झालं असेल तर कितीही भारी शॉकअप टाका, खडखड राहणारच. टायरवर हात फिरवा. ठिकठिकाणी वाटीसारखी झीज लागली तर शॉकअप थकल्याचा तो चांगला पुरावा आहे, ग्राहकाचा हात धरून त्याला दाखवा.

टायरचा साईजही बघा. स्विफ्टच्या खालच्या मॉडेलला 165/80 आर 14 येतो, वरच्याला 185/65 आर 15. पहिल्यात टायरची भिंत 132 मिमी, दुसऱ्यात 120 मिमी. बाहेरचा व्यास जवळजवळ सारखाच. म्हणजे वरच्या मॉडेलचा साईज टाकला तर पकड सुधारते आणि आराम थोडाच कमी होतो. पण कुणी हौसेने 195/55 आर 16 मागितला तर भिंत 107 वर येते. आतल्या रस्त्यांवर मग रिमच वाकते. हे आकडे कागदावर लिहून ग्राहकापुढे ठेवा, वाद होत नाही.

त्यानंतर गाडी उचलून लिंक रॉड, बॉल जॉइंट, लोअर आर्मचे बुश, स्ट्रटच्या वरचं माउंटिंग. हळू स्पीडला खडबडीत रस्त्यावर "टकटक" येत असेल तर आधी लिंक रॉडवर संशय घ्या. छोटा पार्ट, छोटं काम, आणि ग्राहकाला वाटतं गाडी नवी झाली. विश्वास कमवायला यासारखं दुसरं काम नाही.

मग शॉकअप. तेल गळतंय का, रॉडवर ओरखडे आहेत का, ब्रेक मारल्यावर नाक जास्त खाली जातं का. बोनेट दाबून सोडायची जुनी पद्धत आहे, पण तिच्यात पूर्ण मेलेला शॉकअपच पकडला जातो. अर्धा थकलेला तिथे पास होतो. खरी परीक्षा रस्त्यावरच.

"नाही" म्हणायची कामं

ग्राहक तीन गोष्टी हमखास मागतो. स्प्रिंगच्या वेढ्यांत रबरी बफर घाला. स्प्रिंग कापून गाडी खाली बसवा. पिकअपला दोन पाटे जास्त टाका.

बफरने गाडी उचललेली वाटते खरी, पण त्या जागचे वेढे काम करायचे थांबतात, म्हणजे स्प्रिंग कडक होते आणि ताण एकाच जागी येतो. मागची स्प्रिंग थकून बसली असेल तर नवी जोडी टाका, तेच खरं काम. कापलेली स्प्रिंग तर सरळ नाकारा. चाल कमी होते, गाडी प्रत्येक स्पीड ब्रेकरला ठोकरवर बसते, आणि चाक लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. नुसतं मागचं कडक करून पुढचं तसंच ठेवणंही टाळा. पावसात घाटाच्या वळणावर मागची बाजू सुटायचा धोका वाढतो.

पाट्यांचं जरा वेगळं. तुटलेला पाटा बदलणं, गंज साफ करून ग्रीस लावणं, शॅकलचे बुश टाकणं ही चोख कामं आहेत. नुसत्या गंजानेही पाटे एकमेकांवर सरकायचे थांबतात आणि गाडी दगडासारखी लागते. पण जास्तीचा पाटा टाकला म्हणून गाडीची पासिंगची क्षमता वाढत नाही. ब्रेक, एक्सल, टायर तेच राहतात. ऊसतोडीच्या टोळ्या नेणाऱ्या गाडीत मागे माणसं बसलेली असतात, हे पाटा मोजताना डोक्यात ठेवा.

कायदाही माहीत पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार नोंदणीतल्या कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी 2019 मध्ये हेच ठामपणे सांगितलं. कलम 182 अ प्रमाणे मालकाला प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड मालकाला झाला तरी तो नाव तुमचंच घेणार.

फिटिंगमध्ये जिथे माणसं चुकतात

दबलेल्या कॉइल स्प्रिंगमध्ये शेकडो किलोची ताकद असते. स्प्रिंग कॉम्प्रेसर चांगल्या प्रतीचा घ्या, आणि दोरी-साखळीने बांधून काम करणाऱ्या पोराला दुकानात ठेवू नका. हात जातो, जबडा जातो. गाडी जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही, स्टँड लावायचेच.

नवा शॉकअप बसवण्याआधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण दाबा आणि ओढा, म्हणजे आडवा पडून राहिल्याने आत अडकलेली हवा निघते. चकचकीत रॉड पक्कडने धरू नका. एक ओरखडा पडला की सील गेलं आणि वॉरंटीही गेली. शॉकअप नेहमी एका एक्सलची जोडी बदला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: लोअर आर्मच्या बुशचे बोल्ट चाक हवेत असताना पूर्ण आवळू नका. गाडी जमिनीवर टेकवा, वजन येऊ द्या, मग टॉर्क रेंचने आवळा. लोंबकळत आवळलं तर बुशचं रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. "नवा बुश सहा महिन्यांत गेला, माल नकली होता" या तक्रारीत कित्येकदा माल बरोबर असतो. शेवटी अलाइनमेंट. मशीन काही लाखांचं येतं, पहिल्या वर्षी घेऊ नका. शेजारच्या अलाइनमेंटवाल्याशी दर ठरवून घ्या.

पैशाचा हिशोब

समजा पुढची जोडी तुम्हाला 4,000 ला पडली, 4,800 ला विकली, मजुरी 1,200 लावली. हातात 2,000. पोराची अर्ध्या दिवसाची मजुरी 350, अलाइनमेंटवाल्याला 400. राहिले 1,250. आता तीच गाडी तक्रार घेऊन परत आली. परत अर्धा दिवस, परत अलाइनमेंट: 750 गेले, उरले 500. त्या अर्ध्या दिवसात दुसरी गाडी झाली असती तर दोन कामांचे 2,500 झाले असते. म्हणून तपासणीचे वेगळे 300 रुपये लावा आणि काम तुमच्याकडेच केलं तर बिलात वळते करा. सुरुवातीला लोक कुरकुरतात. जुना पार्ट पिशवीत घालून हातात दिलात, बिघाडाचा फोटो व्हॉट्सॲपवर टाकलात की गप्प होतात.

22 सप्टेंबर 2025 पासून गाड्यांच्या सुट्या भागांवर जीएसटी 18 टक्के आहे. आधी बऱ्याच पार्टवर 28 होता, त्यामुळे जुन्या दरपत्रकावरून भाव सांगू नका. सेवा आणि माल असा मिळून धंदा असेल तर वर्षाला 20 लाखांच्या उलाढालीनंतर नोंदणी लागते. उद्यम नोंदणी फुकट होते, त्यासाठी कुणा एजंटला पैसे देऊ नका. भांडवलासाठी मुद्राचं किशोर कर्ज 50,000 ते 5 लाखांपर्यंत आहे. प्रेस, जॅक, कॉम्प्रेसर, टॉर्क रेंच आणि थोडा माल त्यात बसतो. मोठा प्रकल्प करायचा असेल तर पीएमईजीपीचे चालू नियम जिल्हा उद्योग केंद्रात जाऊन स्वतः विचारा.

माल भरताना जिल्ह्याचं वेळापत्रक बघा. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात आणि हंगाम आटोपला की मार्च-एप्रिलकडे परततात. जाण्याआधी यू बोल्ट, सेंटर बोल्ट, शॅकल बुश लागतात, आल्यावर तुटलेले पाटे. ऑगस्टमध्येच वितरकाला ऑर्डर द्या, नवरात्रात धावपळ नको. पाट्याचं काम केलेल्या प्रत्येक गाडीचा एमएच 23 किंवा 44 चा नंबर, तारीख आणि किलोमीटर वहीत लिहा. यू बोल्ट थोडं चालल्यावर ढिले होतात. पाचशे किलोमीटरच्या आसपास फोन करून गाडी बोलवा आणि फुकट आवळून द्या. गाडी कारखान्यावर असेल तर ड्रायव्हरला फोनवरच पाना कुठे लावायचा ते सांगा.