शेनान्डोआच्या खोऱ्यातील पाहुणघरे

ऑक्टोबर महिन्यात वॉशिंग्टनच्या आसपास मुलाकडे अथवा लेकीकडे राहावयास गेलेल्या मराठी आईवडिलांना एखाद्या शनिवारी मोटारीत बसवून, पश्चिमेस सुमारे ७० मैलांवर सुरू होणाऱ्या शेनान्डोआच्या खोऱ्याकडे पानांचे रंग दाखवावयास नेणे, हा तेथील मराठी घरांत आता जवळजवळ कुळाचार होऊन बसला आहे. आणि स्कायलाइन ड्राइव्ह या डोंगरमाथ्यावरील १०५ मैलांच्या रस्त्यावर जागोजाग थांबून, लालपिवळ्या अरण्याची छायाचित्रे घेऊन, ही मंडळी रात्री घरी परततात, किंवा फार तर हमरस्त्यालगतच्या एखाद्या मोटेलात पाठ टेकतात. खोरे त्यांनी वरून पाहिलेले असते इतकेच. ते खाली उतरून पाहावयाचे, तर तेथल्या गावांतील ज्या शंभर-दीडशे वर्षांच्या घरांनी आपल्या माडीवरील खोल्या पाहुण्यांस खुल्या केल्या आहेत, त्यांपैकी एखाद्या घरात निदान दोन रात्री काढाव्यात.

या व्यवस्थेस तेथे ‘बेड अँड ब्रेकफास्ट’ म्हणतात. मालक, म्हणजे बहुधा नोकरीतून निवृत्त झालेले एखादे जोडपे, त्याच वास्तूत राहते. भाड्याच्या खोल्या पाच-सहा, क्वचित दहा. सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली. आणि रात्रीच्या जेवणाची तजवीज ज्याची त्याने गावात करावयाची. हा प्रकार हॉटेलाहून स्वस्त पडतो असा जो आपल्याकडे समज आहे, तो या खोऱ्यापुरता तरी सोडून द्यावा. चांगल्या घरातील खोलीचे भाडे मोटेलच्या दुपटीवर सहज जाते. ते तसे का, हे समजावयास घराच्या पायापासून सुरुवात करावी लागते.

पूर्वेस ब्लू रिज आणि पश्चिमेस ॲलेघनी अशा दोन पर्वतश्रेणींच्या मधला हा मुलूख चुनखडीच्या खडकावर वसलेला आहे. त्यामुळे जमीन सुपीक, भिंतींसाठी दगड हाताशी, आणि भूगर्भात १८७८ साली सापडलेल्या लुरेच्या गुहेसारखी विवरे. १७३० नंतर पेन्सिल्व्हेनियातून उतरलेले जर्मन शेतकरी, आणि त्यांच्यासवे व पाठोपाठ आलेले अल्स्टर प्रांतातील स्कॉटिश वंशाचे लोक, येथील मूळ रहिवाशांच्या पायवाटेने दक्षिणेकडे सरकत गेले. त्या वाटेचा गाडीरस्ता झाला, गाडीरस्त्याची एकोणिसाव्या शतकात पथकर घेणारी खडीची सडक झाली, आणि तीच आज यू.एस. ११ या क्रमांकाने नकाशावर आहे. जेथे रहदारी तेथे मुक्काम हे ओघानेच आले. वसाहतकाळात येथे प्रवाशांसाठी खाणावळ घालावयाची, तर परगण्याच्या न्यायालयाचा परवाना लागे, आणि जेवण, बिछाना, मद्य व घोड्याची दाणावैरण यांचे निरखही तेच न्यायालय ठरवून देई.

मग अमेरिकेचे यादवी युद्ध आले. १८६४ च्या शरदात उत्तरेच्या सरकारचा सेनापती फिलिप शेरिडन याने, दक्षिणेच्या सैन्यास धान्य पुरविणारे हे खोरे निरुपयोगी करून टाकावे या हेतूने, शिस्तवार जाळपोळ केली. २,००० हून अधिक कोठारे आणि ७० हून अधिक पिठाच्या गिरण्या नष्ट केल्याचा हिशेब त्याने स्वतःच वरिष्ठांकडे धाडला. मात्र राहती घरे सामान्यतः वगळावीत असा दंडक होता, आणि काही दुःखद अपवाद सोडता तो पाळला गेला. म्हणूनच आज यू.एस. ११ वरून जाताना शेतातील कोठार बहुधा युद्धानंतरचे आणि शेजारचे विटांचे घर युद्धापूर्वीचे, अशी जोडी वारंवार दृष्टीस पडते.

घरे आगीतून वाचली. काळाच्या आणि नगरसुधारणेच्या हातून ती वाचतीलच याची शाश्वती नव्हती. स्टॅन्टन या गावाचे उदाहरण घ्यावे. राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांचा जन्म १८५६ साली येथल्याच एका धर्मोपदेशकाच्या निवासात झाला. रेल्वे आल्यावर व्यापार वाढला आणि शतकाच्या अखेरीस टी. जे. कॉलिन्स या वास्तुशिल्पज्ञाने गाव बुरुजांच्या, कमानींच्या आणि रुंद ओसऱ्यांच्या इमारतींनी सजविले. पुढे महामार्ग ८१ गावाबाहेरून गेला, बाजार ओस पडू लागला, आणि १९६० नंतरच्या दशकात ‘सुधारणे’च्या नावाखाली जुन्या इमारतींची पाडापाड सुरू झाली. ती पाहून अस्वस्थ झालेल्या नागरिकांनी १९७१ मध्ये वास्तुरक्षणाची संस्था काढली. परंतु केवळ कळकळीने छप्पर गळावयाचे थांबत नाही. १९७६ पासून अमेरिकी केंद्र सरकारने ऐतिहासिक वास्तूंच्या दुरुस्तीस करसवलत देऊ केली. १९८१ च्या कायद्याने ती खर्चाच्या २५ टक्क्यांपर्यंत गेली, आणि १९८६ मध्ये २० टक्क्यांवर आली, ती आजतागायत तेवढीच आहे. यातील मेख अशी की, ही सवलत उत्पन्न देणाऱ्या वास्तूसच लागू आहे. बारा खोल्यांचे अवाढव्य घर विकत घेऊन त्यात नुसते राहणाऱ्यास केंद्राकडून छदामही मिळत नाही. त्यातील खोल्या पाहुण्यांस भाड्याने दिल्या, की त्या भागाच्या दुरुस्तीखर्चाचा पाचवा हिस्सा करातून वजा होतो. या घरांच्या जतनाचे श्रेय मालकांच्या रसिकतेस देण्याचा प्रघात आहे. ती रसिकता नाकारण्याचे कारण नाही. पण माझ्या मते श्रेयाचा अधिक वाटा जमाखर्चाच्या वहीस जातो.

सवलत घेतली की अटी आल्या. जुनी लाकडी खिडकी काढून तेथे प्लॅस्टिकची बसविता येत नाही, जिना हलविता येत नाही, मूळ दालनांचे तुकडे पाडता येत नाहीत. खिडकी घट्ट बसत नाही, पायऱ्या करकरतात, उद्वाहक नाही, न्हाणीघर कोपऱ्यात अंग चोरून उभे आहे, अशा ज्या तक्रारी पाहुणे करतात, त्यांचे मूळ पुष्कळदा येथे असते. गुडघे दुखत असतील त्याने तळमजल्याची खोली आधीच मागून घ्यावी. उलट, ज्याला पाहावयाचे आहे त्याने दर्शनी भिंतीपाशी क्षणभर उभे राहावे. तेथे प्रत्येक थरात एक वीट लांबीने आणि दुसरी डोक्याने, अशी आलटून पालटून लावलेली दिसेल. कोपऱ्यावरून वळून बाजूच्या भिंतीकडे गेले, की पुष्कळ घरांत हा डौल संपतो आणि साधी, स्वस्त रचना सुरू होते. रस्त्यावरून दिसेल तेवढाच खर्च करावयाचा, ही गृहस्थी काटकसर व्हर्जिनियातही होती तर!

न्याहारी ठरल्या वेळी आणि पुष्कळ ठिकाणी एकाच लांब मेजावर असते. अनोळखी माणसांशी सकाळी नऊ वाजता हवापाण्याच्या गप्पा मारणे ज्यांच्या जिवावर येते, त्यांनी मोटेलच बरे. अंडी, लोणी लावलेले मऊ बिस्किट, सफरचंदाचा मुरांबेवजा पदार्थ, आणि व्हर्जिनियाचे सुप्रसिद्ध खारवलेले डुकराचे मांस हा सामान्य बेत. शाकाहारी असल्यास खोली राखून ठेवतानाच तसे कळवावे, म्हणजे यजमानीणबाई आनंदाने वेगळे काही करतात. चहाविषयी मात्र अपेक्षा ठेवू नये.

या सगळ्या अगत्यात एक गोष्ट बहुधा अनुच्चारित राहते. जुन्या घरामागे जी छोटी, धुराड्याची, सुटी इमारत असते आणि जिला आता ‘कॉटेज’ म्हणून अधिक भाडे पडते, ती अनेकदा मूळची मुदपाकखान्याची असते. आणि युद्धापूर्वीच्या सधन घरांत त्या मुदपाकखान्यात राबणारी, कित्येकदा त्याच्याच माळ्यावर निजणारी माणसे गुलाम असत. काही मालक हे पाहुण्यांस स्पष्ट सांगतात. काही चुलीचे कौतुक करून थांबतात. मिडलटाउनजवळच्या बेल ग्रोव्ह या १७९७ च्या चुनखडी दगडाच्या वाड्यात, जो आज संग्रहालय आहे, गुलामांची हकिकत मालकांच्या हकिकतीबरोबरच सांगितली जाते. न्याहारीच्या मेजावर जे राहून गेले ते तेथे ऐकावे.

गुलामगिरी संपल्यावरही दार सर्वांना उघडले नाही. गोऱ्यांच्या हॉटेलांत काळ्या प्रवाशास जागा नसे, म्हणून त्याच्याच समाजातील कुटुंबे आपल्या घरातील एखादी खोली वाटसरूस देत, आणि न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये राहणारे टपालवाहक व्हिक्टर ग्रीन यांनी १९३६ पासून प्रसिद्ध केलेल्या ‘ग्रीन बुक’ या मार्गदर्शिकेत अशा घरांचे पत्ते छापले जात. ज्यांना भाड्याने खोली देणारे खरे जुने घर पाहावयाचे आहे, त्यांनी त्या मार्गदर्शिकेतील व्हर्जिनियाची पाने अवश्य चाळावीत. स्कायलाइन ड्राइव्ह ज्यातून जातो त्या डोंगरमाथ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानातही, शेकडो डोंगरी कुटुंबांना उठवून १९३५ मध्ये ते स्थापन झाल्यावर, काळ्या लोकांसाठी १९३९ साली लुईस माउंटन येथे वेगळा तळ करण्यात आला होता. हा भेद १९५० पर्यंत पुरता मोडीत निघाला. तेथील साध्या लाकडी खोल्या आज कोणासही भाड्याने मिळतात, गावातील घरांहून पुष्कळ साधेपणाने, न्याहारीवाचून. आणि ऑक्टोबरमधील शनिवार-रविवार हवा असेल, तर त्याही कित्येक महिने आधीच राखून ठेवाव्या लागतात.