साखळीचें दुसरें टोंक

मनुष्यानें माणसाळविलेल्या प्राण्यांत कुत्रा सर्वांत जुना. गाय, बैल, घोडा हे त्याच्या दारीं मागाहून आले. आमच्या पुराणग्रंथांनींही ह्या प्राण्यास दूर लोटलेलें नाहीं. महाप्रस्थानाच्या वेळीं सोबत आलेल्या कुत्र्यास सोडून स्वर्गांत जाण्याचें धर्मराजानें साफ नाकारलें. श्रीदत्तात्रेयांच्या पायांशीं चार कुत्रे असतात. खंडोबाच्या परिवारांतही कुत्र्यास स्थान आहे. तेव्हां शेजाऱ्यानें कुत्रें पाळलें म्हणून नाक मुरडणें आमच्या परंपरेस धरून आहे, असें कोणीं समजूं नये. आम्हांस आज लिहावयाचें आहे तें कुत्र्याविषयीं नसून, त्याच्या गळ्यांतील साखळीचें दुसरें टोंक ज्याच्या हातीं असतें, निदान असावयास पाहिजे, त्याच्याविषयीं आहे.

आमच्या छत्रपति संभाजीनगरांत गुलमंडी, औरंगपुरा ह्या भागांतील जुन्या घरांना अंगण असे. कुत्रें पाळलेंच तर तें ओट्यावर किंवा अंगणांत पडून राही. आज सिडकोंतील तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या कुटुंबास अंगण कोठलें? त्याच्या लॅब्रॅडॉरला दिवसांतून दोनदां तरी खालीं आणावेंच लागतें. त्यामुळें वसाहतीचें उद्यान, मैदान आणि सकाळच्या फेरफटक्याचा रस्ता हेंच त्या मुक्या जीवाचें अंगण झालें आहे. ह्यांत मुळीं गैर नाहीं. परंतु तेंच अंगण नातवंडांचें आहे, काठी टेकीत चालणाऱ्या आजोबांचें आहे आणि हिरवळीवर अनवाणी फिरणाऱ्या आजीबाईंचेंही आहे. एका अंगणांत अनेकांनीं नांदावयाचें म्हटलें म्हणजे मर्यादा आल्याच. एकत्र कुटुंबांत वाढलेल्या आमच्या वाचकांस हें निराळें सांगावयास नको.

ह्या मर्यादा मोडल्या जातात त्या मुख्यतः दोन प्रकारांनीं. पहिला प्रकार कुत्रें मोकळें सोडण्याचा. गेल्या मार्गशीर्षांत एका उद्यानांत घडलेली गोष्ट आम्हीं डोळ्यांनीं पाहिली. सहा-सात वर्षांचा एक मुलगा चेंडू घेऊन धांवत होता. एक दांडगें कुत्रें त्याच्या अंगावर झेपावलें. मुलगा बांकावर चढून रडूं लागला. धनी गृहस्थ पन्नास पावलांवर दूरध्वनि कानास लावून उभे होते. तेथूनच ते म्हणाले, “घाबरूं नकोस बाळ, तो कांहीं करीत नाहीं!” कुत्र्यानें खरोखरच कांहीं केलें नाहीं. मात्र त्या मुलानें पुढें पंधरा दिवस उद्यानाचें नांव काढलें नाहीं. “तो कांहीं करीत नाहीं” ह्याचा अर्थ “त्यानें आजवर कांहीं केलेलें नाहीं” इतकाच असतो. धांवणारें मूल, अचानक वाजलेला फटाका, समोर आलेलें दुसरें कुत्रें, ह्यांपैकीं कशानें तें केव्हां बिथरेल, हें धन्यासही सांगतां यावयाचें नाहीं.

दुसरा प्रकार घाणीचा. “पाऊस आला कीं वाहून जाईल,” असें पुष्कळ लोक म्हणतात. हा समज चुकीचा आहे. कुत्र्याच्या विष्ठेंत पुष्कळदां गोल जंतांचीं अंडीं असतात. ताज्या विष्ठेंतील अंडीं लगेच बाधत नाहींत. मातींत दोन ते चार आठवडे राहिलीं म्हणजे त्यांच्यांत अळी तयार होते, आणि मग तीं महिनोन्‌महिने, प्रसंगीं वर्षानुवर्षें टिकतात. वाळूंत खेळून तेच हात तोंडांत घालणाऱ्या बालकाच्या पोटांत तीं गेलीं, तर अळ्या यकृतांत, फुप्फुसांत व क्वचित्‌ डोळ्यांतही शिरतात. दुसऱ्या एका जातीच्या जंतांच्या अळ्या अनवाणी पायाच्या कातडींतून आंत शिरतात. म्हणजे विष्ठा तत्काळ उचलली तर धोका जवळजवळ टळतो. ती तशीच टाकली तर धोका वाढतच जातो. एका कागदाचें किंवा पिशवीचें काम, पण तेवढ्यावर परक्या मुलाचा डोळा अवलंबून असूं शकतो.

अशा वेळीं दोष कोणाचा, हा प्रश्न नवा नाहीं. सुमारें दीड हजार वर्षांपूर्वींच्या याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायांत त्याचा निकाल दिलेला आहे. सुळ्यांचा किंवा शिंगांचा प्राणी कोणावर चालून आला असतां, सोडविण्याचें सामर्थ्य असूनही धनी सोडवीत नसेल, तर त्यास प्रथम साहस दंड. आणि संकटांत सांपडलेल्यानें ओरड केल्यावरही धनी स्वस्थ राहिला, तर दंड दुप्पट. त्याच स्मृतीच्या मापानें प्रथम साहस म्हणजे २७० पण; दुप्पट म्हणजे ५४०. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांतही हाच नियम सांपडतो. येथें दोन गोष्टी ध्यानांत घेण्याजोग्या आहेत. दंड प्राण्यास नाहीं, धन्यास आहे. आणि भ्यालेल्या मनुष्याची हांक ऐकूनही न हलणें हा शास्त्रकारांनीं अधिक मोठा अपराध मानला आहे. पन्नास पावलांवरून “तो कांहीं करीत नाहीं” म्हणणाऱ्यांनीं हा दुसरा भाग अवश्य मनन करावा.

आजचा कायदाही ह्याच दिशेचा आहे. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाप्रमाणें, आपल्या ताब्यांतील प्राण्यापासून मनुष्याच्या जीवितास धोका किंवा भारी दुखापत संभवत असतां जो जाणूनबुजून अगर हयगयीनें पुरेसा बंदोबस्त ठेवीत नाहीं, त्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊं शकतात. उलटपक्षीं, भारतीय पशुकल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणें, कोणत्याही गृहसंस्थेस सभासदांच्या कुत्रें पाळण्यावर सरसकट बंदी घालतां येत नाहीं. मात्र धन्यांनीं बाहेर नेतांना साखळी लावावी व घाण उचलावी, असेंही त्याच सूचनांत आहे. दोन्ही पक्षांनीं आपापल्या सोयीचें अर्धेंच वाक्य वाचलें, म्हणजे भांडण लागतें.

आतां उपाय. नीतिशास्त्रांत ते चार सांगितले आहेत. उद्यानासही तेच पुरे पडतात.

पहिला साम. घटना घडत असतां, दहा माणसांसमोर, चढ्या आवाजांत बोलूं नये. त्यानें अपराधी मनुष्यही हट्टास पेटतो. दुसऱ्या दिवशीं एकट्यास गांठून, आधीं कुत्र्याची विचारपूस करून, मग म्हणावें, “आमची नात फार भिते हो, ती खेळते तेवढा वेळ साखळी लावाल का?” आमचा अनुभव असा कीं, दहांतले सहा-सात गृहस्थ एवढ्यानेंच ऐकतात.

दुसरा दान, म्हणजे सोय करून देणें. झांकणाची कचरापेटी, कागदी पिशव्या, आणि कुत्र्यांस फिरविण्यासाठीं ठरलेली वेळ किंवा कोपरा. ज्या हैदराबादेशीं आमचें शहर १९५६ पर्यंत एका राज्यांत होतें, तेथील महानगरपालिकेनें २०१८ सालीं कोंडापूर भागांत सुमारें १.३ एकरांवर खास कुत्र्यांसाठीं उद्यान उघडलें. तेवढें न साधलें तरी एखाद्या मैदानाचा कुंपण घातलेला तुकडा मागणें अवास्तव नाहीं.

तिसरा भेद. येथें भेद म्हणजे फूट पाडणें नव्हे, तर भल्याबुऱ्यांचा विवेक करणें. सर्व श्वानधारकांस एका माळेंत ओवूं नये. जो पिशवी बाळगतो, वेळेवर लस टोंचवितो, त्यासच नियम करणाऱ्या समितींत घ्यावें. बेफिकीर मनुष्यास त्याच्या बंधूनें सांगितलेलें अधिक लागतें.

चौथा दंड, आणि तो शेवटींच. तारीख, वेळ व प्रसंग लिहून ठेवून, पांचसात जणांच्या सह्यांनिशीं गृहसंस्थेकडे, मग महानगरपालिकेकडे, व दुखापत झाल्यास पोलिसांकडे अर्ज करावा. दगड मारणें, विष घालणें हा दंड नव्हे, तो अपराध होय. महाभारताच्या आदिपर्वांत जनमेजयाच्या भावांनीं सरमेच्या निरपराध पिलास यज्ञमंडपांत मारलें. त्याबद्दल तिनें दिलेल्या शापाचें भय त्या पराक्रमी राजासही वाटलें. कुत्र्यास न्याय न देणाऱ्यास शेजाऱ्याकडे न्याय मागण्याचा अधिकार राहत नाहीं.

चावा बसल्यास वाद मागाहून घालावा. जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी. हळद, चुना, तिखट कांहीं लावूं नये. आणि “आमच्या कुत्र्यास लस दिलेली आहे,” एवढ्या आश्वासनावर न थांबतां त्याच दिवशीं वैद्यकीय सल्ला घ्यावा. पिसाळरोगाचीं लक्षणें एकदां दिसूं लागल्यावर रोगी बहुधा वांचत नाहीं. वेळीं घेतलेली लस मात्र वांचविते. मुलांसही शिकवावें कीं, कुत्रें जवळ आल्यास पळूं नये, ओरडूं नये, स्तब्ध उभें राहावें.

शेवटीं एक गोष्ट आमच्या वाचकांच्या घरांविषयीं. उद्यां आपलाच नातू कुत्र्याचें पिलूं आणण्याचा हट्ट धरील, आणि तो पुरवावासाही वाटेल. अवश्य पुरवावा. परंतु पिलूं उंबऱ्याच्या आंत येण्यापूर्वीं सर्वांनीं एकत्र बसून ठरवावें कीं, पहाटे त्यास बाहेर कोणीं न्यावयाचें, पिशवी कोणीं बाळगावयाची, लशीची तारीख कोणीं लक्षांत ठेवावयाची. आणि परीक्षेच्या दिवसांत नातवाऐवजीं हें सर्व कोण करणार. ह्या प्रश्नांस नांवानिशीं उत्तरें मिळालीं, तरच तें घर कुत्रें पाळण्यास योग्य झालें असें समजावें.