चवली, पावली आणि दोनाचे घात

रेणापूर हैदराबाद संस्थानात होतं, तेव्हा व्यवहार हाली सिक्क्यात चालायचा. १६ आण्यांचा रुपया. आण्याची दुप्पट चवली, चवलीची पावली, पावलीची अधेली आणि अधेलीची दुप्पट रुपया. आण्यापासून रुपयापर्यंत चार वेळा दुप्पट: २×२×२×२. एवढं लांबण न लावता २ लिहून त्याच्या उजव्या खांद्यावर बारीक ४ लिहितात. हा ४ म्हणजे घातांक. दुप्पट किती वेळा झाली, एवढंच तो सांगतो. म्हणून खुद्द आण्याचा घातांक ०, आणि २ चा शून्यावा घात १. मुलं इथे हटकून ० लिहितात. पण एकदाही दुप्पट केली नाही तर आणा आणाच राहणार ना!

जुनी वजनं उलट्या वाटेनं जातात: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. प्रत्येक पायरीला निम्मं. छटाक शेराचा १६ वा भाग, म्हणजे घातांक उणे ४. ऋण घातांक शाळेत इथूनच शिकवावा, असं मला मनापासून वाटतं.

आता मोबाइलवरची अफवा घ्या. ती मिळालेल्या प्रत्येकानं नव्या दोघांना धाडली, तर दहाव्या फेरीत १,०२४ जणांना पोचते आणि विसाव्या फेरीत १०,४८,५७६ जणांना. घातांक फक्त दुप्पट झाला, माणसं हजारपटीहून जास्त वाढली. तिसऱ्या फेरीतल्या आठांपैकी एकानंही हात आवरला, तर एकट्या विसाव्या फेरीतले १,३१,०७२ जण तिच्यापासून वाचतात.