मोटरसायकलीच्या ब्रेकला ऑरगॅनिक पॅड घालावे कीं सिंटर्ड?

दुधाचे कॅन डेअरींत पोहोंचविणें, बियाण्याचें पोतें आणणें, रात्रींच्या पाळीस पाणी द्यावयास मळ्यांत जाणें, हीं कामें आतां बहुतेक ठिकाणीं मोटरसायकलीवर होतात. पॅड झिजले म्हणजे मिस्त्री देईल ते आपण निमूटपणें बसवून घेतों. दुकानांत मात्र एकाच गाडीसाठीं दोन जातींचे पॅड मिळूं शकतात व त्यांच्या किंमतींतहि बरेंच अंतर असतें. महाग तो चांगला, हें अनुमान येथें सर्वस्वीं खरें नाहीं; म्हणून या प्रश्नाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही चर्चा डिस्क ब्रेकपुरती आहे. ज्यांच्या गाडीच्या दोन्ही चाकांस ड्रम आहेत, त्यांस पॅड नव्हे तर शू बदलावे लागतात. त्यांनीं पुढील मजकूर केवळ माहिती म्हणून वाचावा.

ब्रेक म्हणजे गतीची उष्णता करणारें साधन. गाडी १३० किलो, चालविणारा ७० किलो व दुधाचे कॅन ८० किलो, असा २८० किलोंचा भार ताशीं ६० किलोमीटर वेगानें जात असतां थांबविला, तर सुमारें ३९ किलोज्यूल उष्णता निर्माण होते. वेग निम्मा असेल, तर ती चौथाईवर येते. सपाट मुलखांत एवढी उष्णता डिस्क वाऱ्यावर सहज टाकते. परंतु पांचगणीहून पसरणी घाटानें वाईस उतरणाऱ्याची गोष्ट निराळी. ही उतरण साडेपांचशें मीटरांहून अधिक आहे. तोच भार तेवढा खालीं आणावयाचा म्हणजे वरच्यासारखें जवळजवळ चाळीस वेळां थांबण्याइतकी शक्ति कोठें तरी जिरवावी लागते. खालच्या गिअरमध्यें इंजिन तिचा मोठा वाटा उचलतें व वाराहि थोडा उचलतो. इंजिन बंद करून पेट्रोल वांचविणारा मात्र बहुतेक सारा बोजा पॅडवर टाकतो. चार थेंब पेट्रोलासाठीं ही जोखीम घेणाऱ्यास काय म्हणावें?

आतां दोन जातींकडे वळूं. ऑरगॅनिक या शब्दाचा आपल्या शेणखताशीं कांहींएक संबंध नाहीं. तंतु, रबर, कार्बन इत्यादि पदार्थ फिनॉलिक रेझिननें बांधून, दाबून व भाजून हा पॅड करतात. पूर्वीं त्यांत ॲस्बेस्टॉस असे. त्याची धूळ फुप्फुसांस घातक ठरल्यामुळें त्याऐवजीं कांचेचे किंवा अरामिडचे तंतु घालूं लागले. हा पॅड मऊ असतो, थंड असतांनाहि डिस्कला हळुवार धरतो, आवाज थोडा करतो, डिस्कला फारसा कुरतडीत नाहीं आणि स्वस्त मिळतो. त्याचें वैगुण्य त्याच्या बांधणींतच आहे. उष्णता फार वाढली कीं रेझिन जळूं लागतें, त्यांतून वायु सुटतो, पॅडचें तोंड कांचेसारखें गुळगुळीत होतें, आणि लीव्हर घट्ट दाबूनहि गाडी पुढेंच सरकते.

सिंटर्ड पॅडांत तांबें, कांसें, लोखंड अशा धातूंची भुकटी ग्राफाइटसह सांच्यांत दाबून, पूर्णपणें वितळूं न देतां तापवितात. तेव्हां कण एकमेकांस धरून ठेवतात. जळावयास रेझिनच नसल्यानें तो उष्णता सोसतो, भिजला तरी लवकर पकड घेतो व चिखलांत अधिक टिकतो. या शेवटच्या गुणाचें मोल काळ्या रानांतल्या शेतकऱ्यास विशेष कळेल. चिखलांतील बारीक खडे पॅड व डिस्क यांच्यामध्यें सांपडले म्हणजे सहाणेचें काम करतात. पेरणीच्या आधीं नवा घातलेला ऑरगॅनिक पॅड दसऱ्यापर्यंत पाठीच्या लोखंडी पत्र्यापर्यंत झिजलेला आम्हीं स्वतःच्या गाडीवर पाहिला आहे. पत्रा डिस्कला घांसूं लागल्यावर आवाज आला. पण कापणीच्या गडबडींत आम्हीं तो चार दिवस ऐकून सोडला, आणि पॅडबरोबर डिस्कहि विकत घ्यावी लागली.

सिंटर्ड पॅडाचे दोष नाहींत असें नव्हे. तो महाग असतो, कधीं किंचाळतो, डिस्क अधिक झिजवितो, आणि धातूचा असल्यामुळें उष्णता कॅलिपरकडे व ब्रेक ऑइलकडे जास्त पोहोंचवितो. हा शेवटचा दोष पुष्कळांच्या ध्यानांत येत नाहीं. डॉट ४ जातीचें नवें ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतें. परंतु तें हवेंतील ओलावा शोषतें, आणि पुरेसें पाणी मुरल्यावर उकळण्याची किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. उकळलेल्या ऑइलांत बुडबुडे होतात व लीव्हर मुठीपर्यंत जाते. पॅड कितीहि उत्तम असला तरी मग त्याचा उपयोग नाहीं. म्हणून सिंटर्ड पॅड घालणारानें दर दोन वर्षांनीं ऑइल बदलण्याची पैसाभरहि कुचराई करूं नये.

१२५ सीसीहून मोठ्या नव्या गाड्यांस एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचें झालें, तेव्हां पॅडची एवढी चिकित्सा कशाला, असें कोणी म्हणतील. एबीएस चाक अडकूं देत नाहीं. पॅडची उष्णता तें कमी करीत नाहीं.

आमचें मत असें कीं, डांबरी रस्ता, सपाट मुलूख व हलका बोजा असेल, तर शंभर-सव्वाशें सीसीच्या गाडीस ऑरगॅनिकच पुरेसा आहे. तेथें सिंटर्डसाठीं जास्त पैसे देणें व्यर्थ. रोज घाट उतरणें, मागें कॅन किंवा क्रेट, पावसाळाभर चिखलाची वाट, यांपैकीं दोन गोष्टी ज्याच्या वांट्यास आहेत त्यानें सिंटर्ड घ्यावा. मात्र गाडीच्या पुस्तकांत पाहून किंवा जाणत्यास विचारून आपली डिस्क त्यास योग्य आहे याची खात्री आधीं करावी. बिडाची जुनी डिस्क असेल तर तो विचार सोडावा.

कोणताहि नवा पॅड बसविल्यावर मोकळ्या रस्त्यावर ताशीं ४० किलोमीटरांवरून १० पर्यंत पंधरा-वीस वेळां बेतानें ब्रेक लावावा व मध्यें डिस्क निवूं द्यावी. जात बदलली असेल तर डिस्कवरील जुना थर आधीं साफ करावा. आणि गाडी धुतांना डिझेल वा रॉकेल यांचा बोळा ब्रेककडे नेऊं नये. तेल मुरलेला पॅड घांसून पुन्हा बसविण्यापेक्षां फेंकून द्यावा.