ठिगळाची कड

आकाशवाणीवर बोलायचं आणि विषय घ्यायचा शिवणाचा, म्हणजे दाखवायला काहीच नाही. तेव्हा ऐकणाऱ्यांना मी एक विनंती केली होती, तीच वाचणाऱ्यांना करतो. जवळ एखादा जुना सुती तुकडा असेल तर घ्या. त्याची कापलेली बाजू बोटांनी आत दुमडा आणि वरून अंगठ्याच्या नखानं दाबून रेघ ओढा. घडी बसली? आता हेच टेरिलीनच्या तुकड्यावर करून पाहा. तो हळूच पुन्हा उघडेल. आजचा सगळा विषय त्या घडीचा आहे.

गोधडीला ठिगळ लावताना कड उघडी ठेवली, तर दोन-चार धुण्यांत सुतं निघू लागतात आणि ठिगळालाच ठिगळ लावायची वेळ येते. म्हणून कड आत मुडपायची. किती? आमच्याकडे शिंपी काय आणि सुतार काय, सुतात मोजतात. एका इंचाचे आठ सूत. गोधडीच्या ठिगळाला दोन सूत, म्हणजे पाव इंच पुरे. कमी घेतलं तर कड निसटते, जास्त घेतलं तर गोलाईवर कापडाचं गाठोडं होतं आणि झोपणाऱ्याच्या अंगाला टोचतं.

मी साखऱ्याचा. सेनगाव तालुका, जिल्हा हिंगोली. आमच्या घरात दखनी बोलतात, त्यामुळं गोधडीला गुदडी आणि ठिगळाला पैबंद. कुडाच्या पलीकडे शेजारच्या घरात गोधडी आणि ठिगळ. टाका मात्र दोन्हीकडे एकच, धावदोऱ्याचा. याच जिल्ह्यात नरसी आहे, संत नामदेवांचं गाव म्हणून ओळखलं जाणारं. नामदेव शिंप्याच्या घरचे. सुईदोऱ्याला आमच्या भागात कमी लेखायची सोय नाही ती अशी.

हा विषय डोक्यात शिरला तो अम्माच्या गोधडीमुळं. १९७२च्या दुष्काळानंतरच्या हिवाळ्यात तिनं ती शिवली, असं घरात सांगतात. वरचा थर तिच्या जुन्या लुगड्यांचा, आत अब्बांची धोतरं, आणि मधोमध विड्याच्या पानाच्या आकाराचं हिरवं ठिगळ. अम्मा आता नाही. लेकीला दिवस गेले आणि ती म्हणाली, बाळाला पहिल्यांदा नानीच्या गोधडीतच घ्यायचं. पेटीतून काढली तर पान मधोमध विरलेलं, आणि भोवतीचं कापड असं, की दुरुस्ती एकदाच सोसेल. पद्धत चुकली तर गोधडी गेली.

सल्ल्यांना तोटा नव्हता. खाला म्हणाल्या, नखानं मुडपा आणि शिवत चला. गावातला शिंपी म्हणाला, मशीनवर द्या, दहा मिनिटांचं काम. लेकीनं मोबाइलवर परदेशातल्या बायकांचं काम पाहिलं होतं. ती म्हणाली, कागदाचा साचा आणि इस्त्री. तांड्यावरची एक याडी आमच्याकडे येते, तिचं म्हणणं खळ लावून कड आधी कडक करावी. अम्माच्या गोधडीवर प्रयोग कोण करणार? तितक्याच जुन्या धोतराचे चार तुकडे घेतले, प्रत्येकावर एकेका पद्धतीनं पान शिवलं आणि रोजच्या धुण्याबरोबर महिनाभर धुतलं.

विड्याचं पान शिवायला दिसतं तितकं सोपं नाही. त्यात तीन अडचणी एकत्र येतात. बाहेरची गोलाई, खालचं टोक आणि वर देठाजवळची खाच. गोलाईवर जास्तीचं कापड मावत नाही, त्याच्या बारीक चुण्या आत पाडाव्या लागतात. टोकाला आधी टोक सरळ आत घ्यायचं, मग डावी बाजू, मग उजवी. मध्ये जाड झालं तर आतलं थोडं कातरायचं. खाचेत उलटं. तिथं कापड कमी पडतं. कात्रीनं एक चीर द्यावी लागते, आणि ती घडीच्या रेघेच्या दोन धागे अलीकडे थांबवावी लागते. पुढं गेलात तर तिथूनच उसवतं. खाचेच्या तळाशी मुडपायला कापड जवळजवळ उरत नाही, म्हणून तिथं टाके दाट.

खालांच्या पद्धतीला हत्यार काही नाही. नख, सुई आणि लागलंच तर अंगुस्तान. एका वेळी बोटभर कड मुडपायची, तेवढीच शिवायची, पुढं सरकायचं. खाचेत नख पोचत नाही, तिथं सुईच्या टोकानं कड आत लोटायची. कड किंचित नागमोडी येते, पण मऊ राहते.

साच्याची पद्धत देखणी. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद पानाच्या आकारात कापायचा. कापड दोन सूत मोठं. कडेनं कच्चा धागा घालून तो साच्याभोवती ओढला की गोलाईच्या चुण्या आपोआप सारख्या बसतात. वरून इस्त्री, गार होऊ द्यायचं, मग धागा सैल करून साचा काढून घ्यायचा. वर्तमानपत्राचा कागद मात्र वापरू नका, शाई उतरते. अमेरिकेत यासाठी गोठवायचं अन्न गुंडाळण्याचा कागद वापरतात. त्याच्या एका बाजूला प्लास्टिकचा पातळ थर असतो, इस्त्री फिरवली की तो कापडाला तात्पुरता चिकटतो. त्या बायका ठिगळं आधी वरच्या थरावर लपत्या टाक्यानं बसवतात आणि मग सगळे थर एकत्र शिवतात. आपल्याकडे तसं नाही. गोधडीचा धावदोरा ठिगळाच्या कडेवरून सगळ्या थरांतून आरपार जातो. कड धरणारा टाका तोच आणि थर बांधणाराही तोच. म्हणून आपली कड जरा वाकडी असली तरी निघत नाही. तिच्या मागं टाक्यांच्या ओळीवर ओळी उभ्या असतात.

हीच गोष्ट उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायकांच्या कवंडीत दिसते. हे लोक मूळचे आफ्रिकेतले. त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत. त्या एका कोपऱ्यापासून सुरुवात करतात, तुकडा ठेवायचा, कड बोटानं मुडपायची, धावदोरा घालायचा, पुढचा तुकडा. असं कडेकडेनं फिरत आत मध्यापर्यंत यायचं. आखणी नाही, टाचण्या नाहीत. शेवटी चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचं ‘फूल’. फुलाशिवाय कवंडी उघडी, असं त्या मानतात. ओडिशातल्या पिपलीचं काम वेगळं. जगन्नाथाच्या रथांची छतं तिथल्या परंपरेतली, दुरून दिसायची, तिथं आकार रेखीव हवा. अंगावर घ्यायच्या वस्तूला तो नियम लावण्यात अर्थ नाही.

खळीचा तुकडा शिवायला सर्वांत सोपा गेला. तांदळाची पेज कडेला लावली की कापड कागदासारखं ऐकतं. एकच पथ्य, शिवून झाल्यावर ती धुऊन पूर्ण काढायची, नाहीतर पेटीत कसर लागते.

महिन्यानंतर तुकडे मांडले. मशीनचा तुकडा शिवणीवरच कापला गेला होता. यात शिंप्याचा दोष नाही. नव्या कापडाला मशीनइतकी पक्की शिवण नाही. पण विरलेल्या कापडात दाट भोकांची रांग पडली की ते टपाल तिकिटाच्या कडेसारखं फाटतं. बाकीचे तिन्ही टिकले. खालांचा सर्वांत मऊ, साच्याचा सर्वांत सुबक.

इथं वेळेचंही बोललं पाहिजे. नखानं तासाभरात होणारं पान साच्यानं करायला दुपार गेली. घरच्या कामाला ते चालतं. पण नगावर मजुरी घेऊन गोधड्या शिवणाऱ्या बाईला व्यापारी सुबक कड मागतो आणि दर तोच ठेवतो, तेव्हा ती दुपार तिच्या पदरची जाते. हातशिलाईची गोधडी घेताना कड थोडी नागमोडी दिसली तर नाक मुरडू नये, एवढं मी नक्की म्हणेन.

आम्ही शेवटी दोन पद्धती एकत्र केल्या. नवं कापड घेतलं नाही. नवं कापड धुतल्यावर आटतं आणि जुन्याला ओढतं. लेकीच्या आईची वापरून मऊ झालेली हिरवी सुती साडी होती, तिचं पान साच्यावर इस्त्रीनं घडवलं, कारण अम्माच्या पानाचा आकार नेमका हवा होता. शिवायला खाला बसल्या. खाचेत त्यांनी सुईच्या टोकानं कड लोटली, टाके शक्यतो अम्माच्या जुन्याच भोकांतून घेतले, दोरा ओढून ताणला नाही. अम्माचं पान काढलं नाही, ते खाली आहे तसंच आहे. गोधडी आता दगडावर आपटायची नाही, कोमट पाण्यात बुडवून दाबून काढायची आणि आडवी वाळवायची, दोरीवर टांगायची नाही. ओल्या गोधडीचं वजनच तिला फाडतं.