थंडीत गिअरबॉक्सला जादा कुलर? ‘नको’ म्हणायलाही शिका

गॅरेज व्यवसायावरच्या व्हिडिओत हा मुद्दा घाईत उरकला होता, म्हणून इथे नीट मांडतो.

समजा, तुम्ही ईटला नवीन गॅरेज टाकलंय. गिऱ्हाईक ऑटोमॅटिक गाडी घेऊन येतं. म्हणतं, "जानेवारीत स्पितीला चाललोय. घाटात गिअरबॉक्स तापू नये म्हणून जादा कुलर बसवून द्या." बसवला तर मजुरी मिळेल, पार्टवरही चार पैसे सुटतील. मग बसवायचा का?

आपल्या भूम तालुक्यातली खव्याची भट्टी आठवा. जाळ जास्त झाला की दूध करपतं, कमी पडला की आटत नाही. गिअरबॉक्सच्या ऑइलचंही तसंच. साधारण ८० ते ९५ अंशांवर ते नीट काम करतं. फार तापलं की जळकं होतं, क्लच प्लेटा लवकर जातात. फार गार राहिलं की घट्ट होतं, गिअर उशिरा पडतो, इंधन जास्त लागतं आणि ऑइलमधली ओल उडून जात नाही.

उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. इथे ट्रेलर ओढणाऱ्या गाडीला जादा कुलर कामाचा. पण काझाला हिवाळ्यात रात्री उणे २० च्या आसपास थंडी असते. तिथे तोच कुलर ऑइल गरमच होऊ देणार नाही.

म्हणून पाना उचलण्याआधी तीन गोष्टी बघा.

१. गिअरबॉक्स कोणता? आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या ‘ऑटोमॅटिक’ गाड्या एएमटी असतात. आत साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स असतो. तिथे या कुलरचा प्रश्नच येत नाही.

२. कंपनीचा कुलर कुठे आहे? तो रेडिएटरमध्ये असेल तर काढू नका, बायपासही करू नका. इंजिनचं पाणी आधी गरम होतं आणि थंडीत तेच ऑइलला ऊब देतं. म्हणजे हा कुलर तिथे हीटरचं काम करतो.

३. जादा कुलर लागणारच असेल तर? थर्मोस्टॅट असलेलाच घ्या. ऑइल गार असताना तो त्याला कुलरकडे जाऊ देत नाही, ठरलेल्या तापमानाला वाट उघडतो. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारायला सांगा.

कुलरपुढे पुठ्ठा लावायचा जुगाड टाळा. खाली उतरल्यावर तो काढायचा राहिला की चढाला ऑइल तापलंच म्हणून समजा.

गिऱ्हाइकाला सरळ सांगा, "कुलर नको. ऑइलची लेव्हल आणि रंग तपासून देतो. तिकडे सकाळी पहिले काही किलोमीटर गाडी हळू चालवा." तपासणीचे पैसे मात्र मागा, लाजू नका. ते तुमच्या ज्ञानाचे पैसे आहेत.

आज कुलरचे पैसे बुडतील. पण गिअरबॉक्स बिघडून गाडी टो होऊन आली, तर गावात नाव बुडेल. ते परत कमवायला वर्षं लागतात.

आता वही काढा. तुमच्या धंद्यात गिऱ्हाइकाला गरज नसताना विकली जाणारी एक वस्तू लिहा आणि तिच्याजागी कोणती सेवा देता येईल, तेही लिहा.